ओल्या रंगावर मीठ

काळुरामची होडी ती केवढी! दोन माणसं, एक जाळं आणि भाकरीचं फडकं, एवढ्यात भरून जाईल अशी. पण तिच्या रंगावरून त्यानं जेवढा खल केला, तेवढा पोरीचं स्थळ बघताना केला नव्हता. गडबच्या नाक्यावर चहा पिताना रंग, जेवताना रंग, अंगणात खाट टाकून पडला तरी रंगच. गाव हसायचं. हसू देत. त्यामागं काय होतं ते गावाला काय ठाऊक!

गोष्ट होती काशीबाईची. काळुराम रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करायचा, तेव्हापासूनचा त्या नवरा-बायकोचा रिवाज. सुट्टीच्या दिवशी भरती बघायची, होडी खाडीत ढकलायची आणि दोघांनी निघायचं. तो वल्ही मारणार आणि ती पुढच्या टोकाला, नाळीवरच्या फळ्यांवर बसून जाळं सोडणार. जाळ्यात काय यायचं ते येवो, तिचं तोंड काही थांबायचं नाही. जाऊ काय म्हणाली, कुणाच्या हळदीत कोण रुसलं, सगळा गाव त्याला खाडीच्या मध्यावर कळायचा. रिटायर झाल्यावर रोज जायचं, असं दोघांनी ठरवलेलं.

आणि रिटायर झाल्या झाल्या याला हौस सुचली! कंपनीतल्या कठड्यासारखा चकाकता निळा रंग आणून फळ्यांना फासला. आरशासारख्या दिसत होत्या. काशीबाईनं ओला पाय टाकला मात्र, ती सपशेल आडवी. मनगट मोडलं. पेणला नेऊन प्लास्टर घातलं, हाड जुळलं, पण मनातली भीती काही गेली नाही.

"मी नाय बसायची तुमच्या होडीत," ती म्हणाली. "मना जगायचंय अजून."

वर्ष झालं, तो एकटाच जात होता. खाडी तीच, भरती तीच, पण बोलायला कोणी नाही. कधी कधी तो स्वतःशीच बोलायचा आणि मग ओशाळून गप्प व्हायचा.

पाऊस सरला, ऊन तापायला लागलं, तसा त्यानं निळा रंग खरवडून काढला आणि पेण गाठलं. रामवाडीत विराजचं रंगाचं दुकान. पोरगा बोलायला गोड.

"काका, होडीला ना? मग हा घ्या. खास बोटीचाच आहे."

किंमत ऐकून काळुरामनं डबा तापलं पातेलं ठेवावं तसा खाली ठेवला. "आरं बाबा, मना होडी रंगवायचीय, जहाज नाय इकत घ्यायचं! आन् घसरायचा नाय ना?"

"ओला झाला की कुठलाही थोडा घसरणारच. त्यात मिसळायची पूड येते, पाय धरते. पण ती वेगळी घ्यावी लागेल."

"व्हय, आन् घरी जाऊन बायकूला काय सांगू, पूड आनली पन चूल बंद?"

विराज हसला. मग मागच्या फळीवरून त्यानं एक साधा डबा काढला. रेडऑक्साइड. खिडकीच्या गजांना मारतात तो, विटकरी, बिनचकाकीचा. "सगळ्यात स्वस्त हाच. शोभा नाही, पण टिकतो."

त्यानं झाकण उघडलं आणि तो वास आला. काळुराम डब्यावर वाकला. बाच्या होडीचा वास होता तो. हाच रंग, हाच! जन्मभर बानं दुसरा लावला नव्हता.

घरी येऊन त्यानं दोन हात मारले. शेवटचा हात मारला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं आणि फळ्या ओल्या विटांसारख्या दिसत होत्या. वासानं त्याला पार मागे नेलं. त्याची आय, सगुणा, मिठागरात राबायची. होडीला रंग लागला की ती कामावरून थेट काठावर यायची, पदरात जाडं मीठ घेऊन. होडीभोवती मूठ ओवाळायची, "आल्याची गेल्याची, बऱ्याची वाईटाची" असं पुटपुटायची आणि मीठ ओल्या फळ्यांवर भिरकवायची. मूठ मूठ, सगळीकडे सारखं. बा बिडी ओढत बघत बसायचा आणि म्हणायचा, "सगुणे, नाळीवर जास्ती टाक गो!" होडीची दृष्ट काढतात एवढंच पोराला समजलेलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेतून येईपर्यंत आय होडी धुऊन मोकळी झालेली असायची. म्हातारी अगदी परवापरवापर्यंत हे करायची आणि सून काठावर यायच्या आत होडी धुऊन टाकायची. गेल्या वर्षी होडी निळी रंगवायच्या आधीच ती गेली, आणि त्या रंगाची दृष्ट काढायला कोणी उरलंच नव्हतं.

तो उठला, घरातून जाड्या मिठाची बरणी आणली आणि एकटाच होडीभोवती फिरला. शब्द धड आठवेनात. "आल्याची गेल्याची," एवढंच म्हणाला आणि मुठी भिरकावल्या. नाळीवर जास्ती.

सकाळी काशीबाई काठावर आली आणि कपाळाला हात लावला. "आवो, ह्ये काय करून ठेवलाव? सगला रंग खरजुल्यागत झाला!"

खरंच, मिठाचे खडे रंगात रुतून बसले होते. काळुराम खजील झाला. बादलीनं पाणी ओतलं, काथ्या घेतला आणि घासायला बसला. मीठ विरघळून गेलं, पण जिथे जिथे खडा होता तिथे बारीक खळगा राहिला. सगळी फळी अशी खरखरीत, जशी बिनघासलेली टाच. तो नाळीवर चढला. पाय ओले, फळ्या ओल्या. त्यानं मुद्दाम पाय सरकवून बघितला. सरकेचना.

तो तिथेच खाली बसला आणि खळग्यांवरून हात फिरवत राहिला.

"काय झालं?" काशीबाई घाबरली.

"काशे, आय दृष्ट काढत नव्हती गो." त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. "बाचा पाय घसरू नये म्हनून टाकायची मीठ. आन् मी येडा, एवढी वर्सं दृष्टच समजून बसलो."

काशीबाई होडीजवळ आली. मग म्हणाली, "दृष्टच की ती. नवरा रोज पान्यात जातोय, त्याला कायबी होऊ नये म्हनून टाकलं, त्याला आनखी काय म्हनायचं?"

काळुराम उठून उभा राहिला. त्यानं हात पुढे केला. काशीबाईनं त्या हाताकडे बघितलं, खाडीकडे बघितलं. भरती चढत होती. तिनं लुगडं वर खोचलं, पाय चिखलात चांगले भिजवले आणि डावा पाय नाळीवर ठेवला. अंगठ्यानं फळी चाचपली. दाबली. पुन्हा दाबली. त्यानं तिचा हात घट्ट धरला. मग दुसरा पाय आला.

"ढकला आता," ती बसत म्हणाली. "बघत काय ऱ्हायलाव?"

त्यानं होडी ढकलली आणि वल्ही घेतली. वर्षभर नाळ हवेत उचलून चालणारी होडी आज पाण्यात नीट बसली होती. वल्ही जड लागत होती. काठ मागे पडला तशी काशीबाई बोलायला लागली: जावेच्या सुनेचं काय झालं, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली. वर्षाचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर यायला लागलं. मध्येच थांबून तिनं त्याच्याकडे निरखून बघितलं.

"दमलाव काय? होडी जड लागतेय माझ्यानं?"

"लागतेय तर."

"मंग उतरू?"

"उतरून तर बघ," काळुराम म्हणाला आणि वल्हं आणखी जोरात ओढलं.