नानांचीच लाइन मुकी

चुडामणने पाइप कंपनीतली बांधलेल्या पगाराची नोकरी सोडली आणि इंटरकॉम विकायला घेतले, तेव्हा त्याच्या सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, आपल्या जळगावात माणसं ओरडून बोलतात, ते कमी पडतं का?" चुडामणला राग आला होता. पण एक्क्याण्णव साली जळगावच्या एमआयडीसीत दारोदार फिरल्यावर त्याला कळलं, की प्रश्न काही अगदीच वेडगळ नव्हता. ज्याच्या दारात जावं तो म्हणायचा, "आधी दुसऱ्या कोणाकडे बसवून दाखव."

तो दुसरा कोणीतरी अखेर सापडला. बन्सीलाल नानांची डाळ मिल. नाना मूळचे धरणगावचे, माणूस खणखणीत, पण मिलमध्ये निरोपांचा नुसता बट्ट्याबोळ. फाटकाजवळ ऑफिस, मधे मोठं अंगण, पलीकडे वजनकाटा, आणि पार मागे गिरणीला लागून नानांची केबिन. या सगळ्यांत निरोप नेणारा एकच प्राणी, कौतिक. पन्नाशी उलटलेला, पायाने संथ आणि कानाने उदार. ऑफिसातून निघताना निरोप तुरीचा असायचा, वाटेत काट्यावर बिडी झाली की तो हरभऱ्याचा व्हायचा. एकदा भुसावळची गाडी त्याने थेट अकोल्याला पाठवली होती. तेव्हा नानांनी कपाळाला हात लावला आणि चुडामणला म्हणाले, "बसाड रे भो तुन्हं मशीन."

चुडामणने तीन ठिकाणी यंत्रं बसवली: ऑफिस, काटा आणि नानांची केबिन. प्रत्येकावर बाकी दोघांची दोन बटणं, ज्याचा फोन त्याचा लाल दिवा लागायचा. शेजारचे दोन मिलवाले येऊन बघून गेले आणि म्हणाले, "नानांकडे नीट चाललं, की आमच्याकडे बसव." चुडामणने त्या रात्री बायकोला जिलेबी नेली.

जिलेबी लवकरच अंगाशी आली. दुसऱ्याच दिवशी नानांचं बोलावणं. "ऑफिसमधून काहीच ऐकू येस नही. दिवा लागस, घंटी वाजस, मी उचलस, तं मसणवटा!"

चुडामण स्कूटर दामटत आला. ऑफिसात नानांची सून पुष्पा बसायची. बी.कॉम. झालेली; जुने मुनीम गावी निघून गेले तेव्हा, आता हिशेबाचं कोण बघणार म्हणून, नानांनी मोठ्या नाराजीने तिला बसवलेली. डोक्यावर पदर, समोर टेलिफोन, कामाला विजेसारखी. चुडामणने तिच्या यंत्रावरून नानांना फोन लावला. "हॅलो नाना, येतंय का ऐकू?" नानांचा आवाज गडगडला, "येस, येस! बठ्ठं येस!" चुडामणने नमस्कार केला आणि घरी गेला.

तो घरी पोचेपर्यंत लाइन परत मुकी.

मग सुरू झाला तो खेळ. गंमत अशी, की काट्यावरून नानांना ऐकू यायचं, नानांचं ऑफिसात ऐकू जायचं, पुष्पा काट्यावरच्या माणसाशी घडाघडा बोलायची. मुकी होती ती एकच वाट, ऑफिसातून नानांकडे. चुडामणने रिसीव्हर बदलला. वायर बदलली. अंगणातून गेलेली वायर उंदरांनी कुरतडली असेल म्हणून ती पत्र्यावरून नेली. डाळीचा भुसा आत जात असेल म्हणून यंत्राला फडक्याची झूल शिवली. काट्यावरच्या माणसाने लिंबू-मिरची बांधायला सांगितली, तर पठ्ठ्याने तीही बांधली. पण यंत्र काही ताकास तूर लागू देईना. चुडामणने हातात घेतलं, की गुणी बाळ. त्याची पाठ वळली, की ठार मुकं. आणि कौतिक पूर्वीसारखाच बिडी ओढत अंगणातून फेऱ्या घालत होता, उलट जरा जास्तच ऐटीत.

"शनिवारलोंग सुधारनं तं ठीक," नाना म्हणाले. "नही तं तुन्ह्या तारा काढ आनि लई जाय."

शेजारचे दोघं मिलवालेही शनिवारची वाट बघत होते. नानांकडून तारा निघाल्या, की एमआयडीसीत आपल्याला कोणी फाटकात उभं करणार नाही, हे चुडामणला स्वच्छ दिसत होतं. परत पाइप कंपनीत जाऊन जुन्या साहेबापुढे उभं राहायचं, या विचारानेच तो पुन्हा एकदा वायर तपासून बघायचा.

शुक्रवारी तो नानांच्या केबिनमध्येच ठाण मांडून बसला. दुपारी ऑफिसचा दिवा लागला. नानांनी रिसीव्हर उचलला, दोनदा "कोन शे?" म्हणून ओरडले आणि तो चुडामणच्या हातात कोंबला. चुडामणने कानाला लावला. ऑफिसातल्या पंख्याची घरघर ऐकू आली. बांगड्या वाजल्या. कोणीतरी श्वास घेतला.

"हॅलो?" चुडामण म्हणाला.

"अगबाई, चुडामणभाऊ! तुम्ही आहात होय?" लख्ख आवाज. "बरं झालं. नानांना सांगा, वरणगावची गाडी उद्या येणार."

चुडामणने निरोप दिला आणि तडक ऑफिस गाठलं. "वहिनी, मशीनला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला.

पुष्पाने मान खाली घातली. "मला माहीत आहे. पण मी नानांशी बोलत नाही."

"भांडण झालंय?"

"भांडायला तरी बोलावं लागतं ना! आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांच्यासमोर एक शब्द काढलेला नाही. घरात सासूबाईंच्या कानात सांगते, इथे कौतिकभाऊंना. निरोप पोचतात, म्हणून नानांच्या ते ध्यानातही आलेलं नाही. रोज ठरवते, आज बोलायचं. बटण दाबते. त्यांचा आवाज आला, की जीभ टाळ्याला चिकटते." तेवढ्यात नानांचा दिवा लागला, तशी तिने आधी कपाळापर्यंत पदर ओढला आणि मग रिसीव्हर उचलला. चुडामण बघतच राहिला. पत्र्याआडच्या, अंगणापलीकडच्या माणसासाठी पदर!

रोग रेड्याला आणि आपण औषध पखालीला पाजत बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. "मग नानांना सांगून टाकू का?"

"नका हो भाऊ," पुष्पा घाईने म्हणाली. "न बोलणारी सून ऑफिसात कशाला, म्हणून मला घरी बसवतील. इथे मला माणसासारखं वाटतं."

आता काय करावं? सांगितलं तर हिचं ऑफिस जातं, नाही सांगितलं तर आपला धंदा बुडतो. चुडामण रात्रभर कूस बदलत राहिला. त्याच्या घरी त्याची बायको त्याच्या वडिलांना भाजीत वरून मीठ घालून घेतल्यावरून चारचौघांत सुनावायची. वडील हसायचे. ते आठवून त्याला पुष्पावहिनीची फार दया आली. सकाळी उठला तो तोंडाला कुलूप लावायचं ठरवूनच.

शनिवारी तो पकड घेऊन नानांच्या केबिनमध्ये हजर झाला. कौतिकला शिडी धरायला बोलावलं होतं. तो ती अशा प्रेमाने धरून उभा होता, की जणू त्याला पदच परत मिळालं. काट्याची तार सुटली. ऑफिसच्या तारेला पकड लावणार, तोच घंटा वाजली.

नानांनी आशा सोडून रिसीव्हर उचलला. "कोन शे?"

"गिरणी बंद करा!" आवाज इतका मोठा, की शिडीवरच्या चुडामणलाही ऐकू गेला. "दोंडाईच्याहून फोन आलाय. आजच्या गाडीत बियाण्याची तूर मिसळून आली आहे, विषारी औषध चोळलेली! हिरव्या दोरीची पोती!"

"पन तू कोन बोलस?"

"ते मागून! आधी गिरणी बंद करा!"

नानांना आजवर कोणी 'आधी' असं सांगितलेलं नव्हतं. ते रिसीव्हर टेबलावर टाकून धावले. पट्टा थांबला, गिरणीची धडधड थांबली. हिरव्या दोरीचं पहिलंच पोतं तोंड उघडून उभं होतं. एक ओंजळही आत गेलेली नव्हती. ती डाळ किती घरांत शिजली असती, हे मनात येऊन नानांनी त्या पोत्याचं तोंड स्वतः आवळून बांधलं.

घाम पुसत ते परत आले आणि पहिली तोफ चुडामणवर डागली. "कोन बाई व्हती ती? तुन्ह्या मशीनमा पराई लाइन घुसनी! देवनी दया, भली बाई व्हती. पन कोन व्हती?"

चुडामणला ठरवलेलं कुलूप काही सांभाळता आलं नाही. "नाना, त्या पुष्पावहिनी होत्या."

"आपली पुष्पा?" नाना खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "ती बोलस?"

शिडी धरलेला कौतिक म्हणाला, "बोलस नाना. भलती बोलस. मन्हाशी तं दिनभर बोलस."

सहा वर्षं जिच्या हातचं खाल्लं, जिने ऑफिस उचलून धरलं, तिचा आवाज आपल्याला परक्या बाईचा वाटला. ते मनातच राहायला हवं होतं, पण नाना ते बोलले. "घरमा ऱ्हास ती," हळूच म्हणाले, "आनि माले तिना आवाज माहीत नही."

टेबलावर पडलेल्या रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता. "हॅलो? झाली का बंद? कोणीतरी सांगा ना!" नानांनी तो उचलला आणि कानाला लावला. दिवसभर दलालांना घाम फोडणारा हा माणूस, त्याने तोंडावर हात ठेवून चुडामणला विचारलं, "काय बोलू रे?"

"काहीही बोला नाना. तुमचीच सून आहे."

नानांनी घसा खाकरला. पलीकडे बांगड्या वाजल्या. पदर ओढला असणार.

"बंद करी," नाना म्हणाले. "वाचाडं तू आमले." मग रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला. "बोल पोरी, अजून काय सांगानं शे? मी ऐकी राह्यनू."

आधी एक शब्द आला, मग दुसरा, आणि मग जे सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. काट्याचं वजन कुठे चुकतं, कोणता दलाल रोज फसवतो, ऑफिसचा पत्रा कुठे गळतो, कोणत्या गाड्या कौतिकने कुठे पाठवल्या. कौतिकने शिडी सोडली आणि तो दाराकडे सरकला. चुडामण कसाबसा उतरला आणि सोडवलेली तार परत जोडायला वाकला.

नाना नुसतं "हा... हा..." म्हणत होते. जरा वेळाने त्यांनी हातानेच खूण करून चुडामणला खुर्ची जवळ ओढायला सांगितली, आणि नीट टेकून बसले.