पारूबाईची दवंडी

"पावती घे, न्हाईतर पाल गुंडाळ!" असं म्हणत दादासोनं पारूबाईच्या पालाच्या बांबूला हात घातला.

"हात लावू नगंस, सांगून ठिवते." पारूबाई जागची हललीसुद्धा नाही. तिच्यापुढं सुक्या बोंबलांचा ढीग होता आणि त्यामागं ती मांडी ठोकून बसली होती. "पट्टी माफ झालीया. सरकारनं केलीया."

"कवा केली? दवंडी ऐकलीस तू?"

दवंडी काही झाली नव्हती. चौऱ्याण्णव साल असो नाहीतर आणखी कुठलं, त्या गावात दवंडीशिवाय काही खरं धरायची रीतच नव्हती. रेशनवर साखर आली तरी दवंडी होईपर्यंत कुणी पिशवी घेऊन निघत नसे. दादासोला हे पक्कं ठाऊक होतं. आठवडी बाजाराची पट्टी गोळा करायचा ठेका त्याचा, आणि सरपंच त्याचा चुलतभाऊ. मग दवंडी होतेय कशाला?

त्या श्रावणात कृष्णा थेट चावडीपर्यंत चढली होती. बाजारतळ चार दिवस पाण्याखाली. पारूबाईची सुकटीची तीन पोती गाळात गेली. पाणी ओसरल्यावर गुडघाभर काळा चिखल बायकांनीच खोऱ्यानं ओढून काढला. तेव्हा हा दादासो वरच्या मळ्यात घोंगडं पांघरून बसला होता. आता पावतीपुस्तक घेऊन मात्र पहिला हजर!

"पुढल्या बाजारी ही जागा दुसऱ्याला दीन," तो म्हणाला. "तू बस जा उकिरड्याकडंला."

हे वर्मी लागलं. उकिरड्याकडंला पारूबाईनं दहा वर्षं काढली होती. बोंबलांचा वास येतो म्हणून, आणि त्याहून जास्त ती बौद्धवाड्यातली म्हणून, तिला मधल्या ओळीत कुणी बसू देत नव्हतं. भांडून भांडून मिळवलेली ही दोन हात जागा तिला घरापेक्षा प्यारी होती.

दादासो पुढच्या पालाकडं वळला तशी ती उठली आणि कडेच्या सुकुमारअण्णांच्या दुकानात गेली. अण्णांच्याही दुकानात पाणी शिरलं होतं. पट्टी माफ झाल्याचं तिला काल त्यांनीच सरकारी कागद दाखवून सांगितलं होतं.

"अण्णा, तो कागद द्या."

"पारूबाई, दुकानाचा गाळा सरपंचांचा हाय," अण्णा हळूच म्हणाले. "माजी परवान्याची फी माफ झाली म्हणून तालुक्याला त्या हुकमाची नक्कल मिळाली. न्यायची तर ने. पर माजं नाव घिऊ नगंस."

कागद घेऊन ती पायरीवर उभी राहिली. तिचा बेत नवऱ्याच्या, धोंडिरामच्या, ध्यानात आला आणि तो पालातनं धावत आला.

"पारू, खाली उतर! दीक्षा घेतली तवा आबानं हलगी पाटलाच्या ओसरीवर ठिवली. आमच्या घरातनं परत दवंडी न्हाई म्हणून सांगून आला. मार खाल्ला त्यापायी. आन तू दवंडी देतीस?"

सासऱ्याच्या पाठीवरचे वळ तिनं स्वतः पाहिले नव्हते. पण त्या घरात ते कुणी विसरलं नव्हतं.

"आवं, मामंजींनी दुसऱ्याचा निरोप सांगायचं सोडलं," ती म्हणाली. "ह्यो निरोप माजा हाय."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. सातवीपर्यंत शिकलेली बाई ती, सरकारी भाषेला अडखळली, पण थांबली नाही. पूरग्रस्त गावांच्या यादीत गावाचं नाव आलं तेव्हा बाजार पायरीभोवती गोळा झाला. आठवडी बाजाराची पट्टी दिवाळीपर्यंत माफ, हे वाक्य तिनं दोनदा वाचलं.

"खोटा कागद हाय!" दादासो गर्दीतनं ओरडला.

अण्णांनी तराजू खाली ठेवला. कपाळावरचा घाम पुसला. "खोटा न्हाई. शिक्का हाय त्यावर. माज्याच दुकानातनं नेलाय तिनं," ते म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो म्हणून स्वतःच भेदरले.

"मग माज्या ठेक्याचं काय?" दादासोचा आवाज चिरकला.

"तुज्या ठेक्याची सूट पंचायतीकडं माग. तेबी हितं लिवलंय." पारूबाईनं कागदावर बोट ठेवलं.

वांगी विकणारी धोंडुबाई मघाशी पैसे देऊन घेतलेली पावती नाचवत पुढं आली. "पैसं परत टाक, दादासो!" तिच्यामागं साऱ्या बायका उठल्या. पावतीपुस्तक दादासोच्या खिशात कधी गेलं, कुणाला कळलं नाही.

एवढ्यात सरपंच आले. त्यांनी एकदा दादासोकडं, एकदा गर्दीकडं पाहिलं आणि तोंडावर गोड हसू आणलं.

"पारूबाई, दे तो कागद. नाथाजी शिपाई हाय की पंचायतीचा. उद्या हलगी वाजवून रीतसर दवंडी दील त्यो."

पारूबाईनं कागद छातीशी धरला.

"दवंडी झालीया, सरपंच. तुमाला ऐकाय आली नसंल तर परत वाचते. बसा खाली."

बायका हसल्या. सरपंच काही बसले नाहीत. पण वाट द्यायला कुणी सरकलंही नाही, आणि उभ्याउभ्या का होईना, शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना सगळं ऐकून घ्यावं लागलं.