मान सरळ
तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या मोठ्या सिस्टरना सगळे थंडीबाई म्हणायचे. जन्मताना ज्यांच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला अशा बाळांना तीन दिवस गार गादीवर ठेवायचं आणि मेंदूची होईल तेवढी हानी टाळायची, हे त्यांचं काम. अंगात बारा महिने स्वेटर आणि तोंडात एकच घोषा, "मान सरळ. नाक छताकडे." मान एका बाजूला वळून राहिली की डोक्यातून खाली येणारी शीर दबते, रक्त तुंबतं. हे त्यांनी नव्या पोरींकडून इतकं घोटून घेतलं होतं की त्यांची पाठ वळली की पोरी त्यांची नक्कल करायच्या.

आणि माती खाल्ली ती नेमकी त्यांनीच.

त्या बाळाची आई चाकाच्या खुर्चीतून आली. पहिलटकरीण, चेहरा ओढलेला. गार ठेवलेल्या बाळाला उचलायचं नसतं, पाजायचं तर नसतंच. एका अंगाला मशीन, म्हणून खुर्ची दुसऱ्या अंगाला, आणि तिथून बिचारीला दिसायचा नुसता कान.

"सिस्टर, त्याचं तोंड जरा इकडे कराल? अजून धड पाहिलंसुद्धा नाही हो मी त्याला."

झालं, थंडीबाई पाघळल्या. त्यांनी बाळाची मान वळवली, ती हलू नये म्हणून कापडाची गुंडाळी लावली. घटकाभराने सरळ करू म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडचं एक बाळ निळं पडायला लागलं, त्या तिकडे धावल्या, आणि राहिलं ते राहूनच गेलं. पुढच्या पाळीतल्या पोरींना मान वळलेली दिसली, नाही असं नाही. पण गुंडाळी खुद्द थंडीबाईंनी लावलेली. ती काढायची कोणाची टाप होती? एकीने दुसरीला सांगितलं, मोठ्या सिस्टरनी काहीतरी विचार करूनच केलं असेल.

बाळाला पुन्हा ऊब दिल्यावर मेंदूची तपासणी झाली. शिरेत गुठळी निघाली.

"अशा बाळांना गुठळी होऊ शकते, मान सरळ असली तरीही," डॉक्टर म्हणाले. "मानेमुळेच झाली असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका म्हणणाऱ्याचं काय जातं! रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली, गुठळी हळूहळू विरू लागली. पण पोर पुढे कसं चालेल, कसं बोलेल, हे कळायला वेळ लागणार होता.

घरी जायच्या दिवशी आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. थंडीबाई दिसताच तिने त्यांचा हात धरला.

"घरी सगळ्यांना तुमचंच सांगते मी. तुम्ही त्याचं तोंड माझ्याकडे केलंत ना, त्याच्यावरच मी ते दिवस काढले."

आता मात्र थंडीबाईंना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. शीर, गुंडाळी, आपलं विसरणं, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही. सांगताना त्यांना हलकं हलकं वाटत गेलं. आता ही चिडेल, वाटेल ते बोलेल, बोलू दे. खरं म्हणजे त्यांना ते हवंच होतं.

ती चिडली नाही. तिने बाळाकडे पाहिलं.

"म्हणजे मी म्हटलं म्हणून."

"अहो नाही, चूक माझी. तुम्हाला काय माहीत असणार?"

"पण म्हटलं तर मीच ना."

आता थंडीबाईंच्या लक्षात आलं. खरं सांगायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. पण आपलं ओझं उतरवताना ते कोणाच्या डोक्यावर जाईल, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि एकदा तिथे गेलेलं ते आता कितीही "नाही हो" म्हटलं तरी खाली येणार नव्हतं.

बाळ जागं झालं. आईच्या आवाजाकडे त्याने मान वळवली. तिने दोन बोटांनी हनुवटी धरून ती हळूच सरळ केली.

"आता बघू द्या त्याला तुमच्याकडे," थंडीबाई म्हणाल्या. "आता चालतं, खरंच चालतं."

तिने नुसतं हं केलं. बाळ पुन्हा तिच्याकडे वळलं. तिने पुन्हा त्याचं नाक छताकडे केलं.