रुसलेलीचा पार

पेणच्या बाजारातून खाडीकडे जी वाट वळते, त्या वळणावर एक उंबर, आणि उंबराला दगडी पार. त्याला सगळं गाव रुसलेलीचा पार म्हणे. कोण रुसली, कधी रुसली, ते कुणी पाहिलेलं नव्हतं. पण कशासाठी रुसली ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नथीसाठी! कुणा एका नवरीला सासरच्यांनी नथ घातली नाही, म्हणून ती भर वाटेत पारावर फतकल मारून बसली ती उठेचना. तेव्हापासून सासवांनी रीतच पाडली. नवी सून उंबरठ्याआत घेण्याआधी तिच्या नाकात नथ घालायची, तिला पारावर घटकाभर टेकवायचं आणि म्हणायचं, "घे गो बाय, तुझी नथ तुला पोचली. आता रुसू नको."

मालूबाईनंही आपल्या सुनेला, रंभेला, तसंच टेकवलं होतं. तेच शब्द म्हटले होते, मान खाली घालून. कारण पारावर रुसून बसलेली ती नवरी म्हणजे खुद्द मालूबाईच होती, आणि हे आता जगात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

त्या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली होती. मालूबाईचा मुलगा गोविंदा नागोठण्याकडे कंपनीत लागला, शिफ्टची ये-जा सोपी पडावी म्हणून पेणला खोली घेऊन राहिला, आणि म्हातारपणी मालूबाई त्या पारापासून हाकेच्या अंतरावर येऊन पडली. उंबर तोच होता. ती जाता-येता त्याच्याकडे पाही, तो तिच्याकडे पाही, आणि दोघंही गप्प राहत.

एकोणीसशे शहाण्णवच्या माघात नगरपालिकेनं ठरवलं, की गावातल्या गल्ल्यांना, चौकांना, पारांना नावांच्या पाट्या लावायच्या. निळी लोखंडी पाटी, वर पांढरी अक्षरं, खाली एका ओळीची माहिती. यादीचा कागद सार्वजनिक नळाशेजारच्या भिंतीवर डकवला होता. हंडा भरेपर्यंत रंभा तो वाचत होती.

"आई, आपला पार बी आला हो यादीत!" ती ओरडली. "लिहिलंय, 'नथ न मिळाल्याने रुसलेल्या नववधूच्या नावे.' आणि खाली, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी."

"कोणाच्या घरची नवरी, ते लिवलंय काय?"

"त्ये कशाला लिहायला पायजे? खाडीकडच्या कुणा मिठागरवाल्यांच्या घरची. सगळ्यांना ठाऊक हाय. मिठाचे ढीग लावले त्या मेल्यांनी, पन सुनेच्या नाकाला गुंजभर सोनं जमलं नाय!"

हंडा भरून पाणी बाहेर वाहू लागलं. रंभेनं नळ बंद केला. मालूबाई मात्र पाण्याकडे पाहत तशीच उभी राहिली.

बोललेलं वाऱ्यावर जातं. पन्नास वर्षं तिनं ते वाऱ्यावर जाऊ दिलं होतं. बायका नळावर हसायच्या, तीही हसायची. पण लोखंडावर लिहिलेलं कुठं जाणार? ते मेले मिठागरवाले म्हणजे तिचा जनू, तिचा नवरा. जनूला जाऊन चार पावसाळे झाले होते. त्याच्या माघारी त्याच्या घराला कंजूस म्हणणारी पाटी उन्हापावसात उभी राहायची, आणि खरं सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

त्या दुपारी मालूबाई पडवीत आडवी झाली. डोळा लागला की नाही तिला कळलं नाही, पण बैलांच्या घुंगरांचा आवाज मात्र यायला लागला.

कोलाडच्या पलीकडे, कुंडलिकेच्या काठचं तिचं माहेर. परसात विहीर, शेताच्या बांधाला पाट, भाताच्या खाचरांतून बारा महिने कुठं ना कुठं झुळझुळ. सोळा वर्षांची मालू पाण्याच्या आवाजातच वाढली. वैशाखात लग्न लागलं आणि दोन बैलगाड्या तिला घेऊन निघाल्या. रोहा गेलं, नागोठणं गेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पेण आलं. पाराजवळच्या विहिरीवर गाड्या थांबल्या. बायांनी नवरीच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि मायेनं म्हणाल्या, "पी बायो, पोटभर पी. आता पुढं गोडं पाणी नाय. पुढं नुसती खाडी."

मालू प्यायली. मग पारावर जाऊन बसली.

वडीलधारे समजावून दमले. मामानं हात उगारला आणि लोक बघतात म्हणून खाली घेतला. सासरकडच्या एका आत्येनं पदराआडून निकाल दिला, "नथ नाय घातली म्हणून रुसली असल. आजकालच्या पोरी!" बस, गावानं तेवढं ऐकलं. तेवढंच उचललं.

ऊन उंबरावरून सरकत गेलं. सावली मालूच्या पायांवरून निघून पाठीवर आली. तेव्हा कुठं जनू उठला. एकोणीस वर्षांचा, सडपातळ, मिठागरात रापलेला. त्यानं कपाळाच्या मुंडावळ्या सोडल्या, हातात गुंडाळल्या, आणि झाडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसला. दोघांच्या पाठी बुंध्याला. मध्ये उंबर.

"तू नाय उठत तर मी बी नाय उठत," तो म्हणाला.

बऱ्याच वेळानं मालू म्हणाली, "तुमच्या गावाला पानी नाय म्हनं."

"हाय. खारट हाय."

"मी नाय पिनार खारट."

एक पिकलं उंबर टपकन मध्ये पडलं. मुंग्या त्याच्याकडे निघाल्या.

"मी आनीन," जनू म्हणाला. "हितनंच आनीन. तुझ्यापुरतं."

"रोज?"

तो जरा थांबला. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरला असता. "रोज नाय जमायचं. बाजाराच्या दिशी दोन हंडे आनीन."

मालूनं मनाशी दोन हंडे पाहिले. फडकं बांधलेले, डुचमळणारे. आणि ती उठली.

सव्वीस वर्षं, सासरच्या गावात नळ येईपर्यंत, बाजाराच्या दिवशी खाडीच्या बांधावरून एक कावड येताना दिसे. पावसाळ्यात बांध निसरडा होई, तेव्हा कावड हळू येई. भरती असली तर उशिरा येई. आली नाही असं झालं नाही. जनूच्या खांद्यावर घट्टा पडला होता, सुपारीएवढा. म्हातारपणी तो झोपला की मालूबाई कधीकधी त्या घट्ट्यावर बोट ठेवी.

दुसऱ्या दिवशी ती नगरपालिकेच्या खिडकीपाशी उभी राहिली. बरोबर रंभा. कशाची हरकत, म्हणून रंभेनं वाटेत तीनदा विचारलं होतं, आणि तीनदा उत्तर मिळालं होतं, "चल गो मुकाट."

खिडकीत कमळाकर कारकून होता. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं हरकती मागवल्याच्या नोटिसा शेकड्यांनी लावल्या होत्या, पण हरकत घेऊन कुणी आलेलं त्याला आठवत नव्हतं. त्यानं चष्मा पुसला.

"आजी, खरंच हरकत हाय? की दाखला पायजे?"

"हरकत हाय. ती नथीसाठी रुसली नव्हती."

कमळाकरनं तेवढं एक वाक्य कागदावर उतरवलं, अंगठा घेतला आणि म्हणाला, "सोमवारी सभा हाय. तुमचं तिथंच सांगा."

सोमवारच्या सभेत पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची तिन्ही पाती मोजता येत होती. आधी मच्छीबाजाराचे पत्रे झाले. मग मोकाट कुत्री झाली. मग एका गटाराचा उतार उलटा आहे की गावच उलटं आहे, यावर अर्धा तास गेला. मागच्या बाकावर मालूबाईला त्या सगळ्याची अंगाई झाली. ते आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखे येत होते. मग कमळाकरनं विषय आठ वाचला आणि ती दचकून उभी राहिली.

नगराध्यक्ष हैबतराव भला माणूस, पण त्यांना जेवायची वेळ झाली की सगळ्याच गोष्टी स्पष्ट दिसायच्या. ते म्हणाले, "आजी, ही गोष्ट शे-दोनशे वर्षांची. आमच्या आजोबांनी ऐकलेली."

"हत्तीवरून आली होती म्हणे नवरी," एक सभासद म्हणाले.

"हत्ती नाय, मेणा," दुसरे म्हणाले. "आमच्या घराण्यात तसा उल्लेख हाय."

"बैलगाडी होती," मालूबाई म्हणाली. "डावीकडचा बैल बांडा होता."

सभा खळाळून हसली. हैबतरावांनी हसू आवरलं. "बरं, असू दे. कमळाकर, हरकत नोंदवा आणि पुढं चला. आजी, पूर्ण नाव सांगा."

"मालू."

"पूर्ण, आजी. नवऱ्याच्या नावासकट. त्याशिवाय नोंद होत नाय."

मालूबाईनं पदर सावरला. लग्न झाल्यापासून तिनं ते नाव सरळ कधी उच्चारलं नव्हतं. मतदारयादीच्या वेळी गोविंदानं सांगितलं, दवाखान्यात रंभेनं. आताही रंभा पुढं झाली, "मी सांगते, आईंच्या..." पण मालूबाईनं तिचा हात धरून तिला थांबवलं.

सभागृहात त्या दिवशी एकच बाई सभासद आलेली होती, चंद्रावती. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली, आणि अजून सभेत फारसं न बोललेली. ती एकदम म्हणाली, "अशी कशी सांगतील त्या? नाव काय पावतीवर घेतात? घ्या मावशी, उखाण्यात घ्या!"

पुरुष खुर्च्यांत सावरून बसले, लग्नमंडपात बसावं तसे. पंखा फिरत राहिला. मालूबाईनं डोळे मिटले. पाठीला उंबराचा खरखरीत बुंधा लागला, आणि पलीकडून कुणीतरी श्वास घेतल्याचं तिला ऐकू आलं.

"भाताच्या गावची पोर दिली मिठाच्या गावाला,
पारावर पाय अडला, बोल लागला नावाला;
नथ नाय मागितली, मागितलं गोडं पानी,
जनूरावांच्या कावडीनं मी खाडीकाठची रानी."

कुणी हसलं नाही. हत्तीवाले सभासद टेबलाकडे पाहू लागले.

"म्हणजे..." हैबतराव म्हणाले आणि थांबले.

चंद्रावतीनं डोळ्यांना पदर लावला होता, तो न काढताच ती म्हणाली, "अध्यक्ष, आता पुरावा मागू नका. नवऱ्याचं नाव घेताना कोण बाई खोटं बोलल?"

प्रत्येकाला आपापल्या घरचा कुणाचा तरी उखाणा आठवला असावा. हैबतरावांनी कागद ओढला आणि स्वतःच्या पेनानं पहिले तीन शब्द खोडले. "'गोड्या पाण्यासाठी रुसलेल्या नववधूच्या नावे.' चालेल, आजी?"

"चालल. आन् पुढं लिवा, नवऱ्यानं आनलं म्हनून."

"पाटीवर जागा पुरायची नाही."

"मंग अक्षरं बारीक काढा."

आता मात्र सगळे हसले, पण मघासारखे नाही. कमळाकरनं लिहून घेतलं. ठराव मंजूर झाला, आणि विषय नऊ सुरू झाला. तो दिव्याच्या खांबाचा होता.

बाहेर दुपार पसरली होती. दोघी पाराच्या वाटेला लागल्या. मग रंभेनं तोंड उघडलं.

"म्हंजे तुम्हीच त्या! आन् मला तिथं नथ घालून टेकवलंत? तुम्हाला ठाऊक असून?"

"रीत होती गो. मी काय सांगनार? सासू मीच, आन् रुसलेली बी मीच."

"मला नथ नकोच होती. टोचत होती ती."

मालूबाई थांबली. सुनेकडे पाहिलं. बारा वर्षं ही पोर घरात होती. पहाटे गोविंदाच्या शिफ्टचा डबा भरणारी, नळावर सगळ्यांच्या आधी जाणारी. तिनं काही मागितल्याचं मालूबाईला आठवेना.

"मंग काय पायजे होतं तुला?"

रंभा चालू लागली. वळण आलं. उंबराखाली कुणी नव्हतं. फक्त वाऱ्यानं पानं हलत होती, आणि त्यांची सावली दगडांवर पाण्यासारखी हलत होती.

"सांगते," रंभा म्हणाली. "पन उभ्यानं नाय सांगता येनार. बसा."

मालूबाई पारावर बसली आणि पदरानं शेजारची जागा झाडून घेतली.