जावयाची सायकल

शिपायाने मागून मडगार्ड धरलं, तेव्हा सायकल हिलालच्या खांद्यावर होती आणि सुरत स्टेशनचं दार अगदी समोर दिसत होतं.

"कोनी छे?"

"मन्ही शे, सायब."

आता कपाळ! कोरीटहून निघताना गावाने त्याला बजावलं होतं की सुरतचे चोर भारी बेरकी, सायकल टेकवून पाणी प्यायला गेलास तर गेलीच समज. आईने वर आणखी बजावलं होतं: जावयाला द्यायची वस्तू उष्टी करायची नाही, चाक रस्त्याला लागता कामा नये. म्हणून बिचाऱ्याने दुकानापासून इथवर ते लोखंडी धूड खांद्यावरून वाहिलं होतं. वाटेत पाण्याचा घोट नाही की विडीचा झुरका नाही. कुलूप लावलेली सायकल अशी उचलून नेतो तो चोरच, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने दुकानदाराची चिठ्ठी काढून दाखवली. असल्या चिठ्ठ्या चोरांकडेही असतात, चल दुकानात, असं शिपाई हातवारे करून सांगू लागला. दुकानात परतायचं म्हणजे गाडी चुकणार, आणि गाडी चुकली की बहिणीचं, छबूचं, लग्न मोडणार. नवरदेवाचे वडील, नंदुरबारचे रतिलाल पाटील, यांनी साफ सांगितलं होतं: हळद लागायच्या आत कोरी करकरीत सायकल दारात, नाहीतर पोरगी घरीच ठेवा. नुसतं बोलून गप्प बसणारा माणूस नव्हता तो. वापरलेली घागर दिली म्हणून थोरल्या मुलाचं ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं होतं. हळद आज संध्याकाळी होती.

"सायब, पाया पडस! मन्ही बहीणनं लगीन शे. जवाईनी वस्तू उष्टी कशी करू?"

शिपायाला यातलं ओ की ठो कळलं नाही. "तारी छे, तो चलावी बताव."

आत गाडीने शिटी दिली. हिलालने मनातल्या मनात छबूची माफी मागितली, सायकल खाली ठेवली आणि कुलूप काढलं. खरं सांगायचं तर हा गडी जन्मात सायकलवर बसला नव्हता. एक पाय पेडलवर दिला, दुसरा उचलला, आणि शिटापर्यंत पोचायच्या आत सायकलसकट आडवा. उठला, पुन्हा आडवा. तिसऱ्या वेळी सायकल टांग्यावर आपटली, हँडल वाकलं, काळ्या रंगावर लांब ओरखडा उठला. टांगेवाल्यांची हसून मुरकुंडी वळली. हिलाल ढसाढसा रडत होता आणि रडत रडतच पुन्हा पेडलवर पाय ठेवत होता.

शिपायाचं हसू मावळलं. सायकल त्याने स्वतःच उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

"जा भाई. तारी ज छे."

इतकं वाईट चालवणारा चोर त्याने आजवर पाहिला नसावा.

सुटती गाडी कशीबशी गाठून उन्हं कलताना हिलाल नंदुरबारला पाटलांच्या मांडवात पोचला. नवरदेव पाटावर बसला होता, हळदीची वाटी तयार होती. हिलालने सायकल खाली उतरवली. पाटलांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं, टायरची धूळ अंगठ्याने पुसून पाहिली.

"कोन बसनं व्हतं हाईवर?"

"कोनीच नही, आबा." हिलालने हात जोडले. "मी बसाले गवू, ते पडनू. तीन दाव पडनू. शिटवर कोनीच नही बसनं. छबूनी आन!"

पाटलांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. गुडघ्यावर धोतर फाटून रक्त सुकलं होतं. तळहात सोलले होते. सदऱ्याच्या गळ्यातून खांद्यावरचा काळानिळा वळ दिसत होता.

"सायकल खांदावर लई उना तू?"

हिलालने होकारार्थी मान हलवली.

पाटलांनी हळदीची वाटी उचलली.

"आहो, आजून नवरदेवले लागनी नही!" नवरदेवाची आई सुगंधाबाई ओरडली.

पाटील खाली बसले. त्यांनी बोटं वाटीत बुडवली आणि पहिली हळद हिलालच्या गुडघ्याला लावली.