बिबड्यांचं दुकान मांडणारा मी दमेकरी लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. वय नऊ वर्षं. पण आमच्यात नऊ म्हणजे नव्वदच. माझा पंखा असा घरघरतो की मी सुरू झालो हे शेजारच्यांनाही कळतं. हसा हवं तर, पण माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐका.

पहिली पाच वर्षं मी पुण्याच्या एका कार्यालयात काढली. थंड हवा, गुळगुळीत टेबल आणि काम बेताचं, असा थाट होता. मग माझ्या जागी नवा आला आणि मी धुळ्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. तिथून सुलक्षणाने मला आपल्या गावी, सोनगीरला आणलं. तेव्हा ती कॉलेजात होती. आता ती घरी बसून वेबसाइट बनवते. तिने लिहिलेली कोडची पहिली ओळ माझ्याच पडद्यावर उमटली, याचा मला भारी अभिमान आहे.

तिला एक खोड आहे. सकाळी चहाच्या आधी ती वेबसाइटवाल्यांच्या जगातल्या बातम्या वाचते. कधी एखाद्या साधनाची नवी आवृत्ती आलेली असते. कालपर्यंत लोक जे डोक्यावर घेऊन नाचत होते, ते आज जुनं ठरलेलं असतं. एखादी बातमी मात्र गोड असते: ज्या कामासाठी वेगळं ओझं भरावं लागे, ते आता ब्राउझर स्वतःच करू लागला! अशा दिवशी मीही खूश असतो. बाकीचे दिवस ती प्रत्येक नवं साधन माझ्या पोटात कोंबते आणि वर म्हणते, “म्हातारा दमला.” दमणार नाही तर काय!

या उन्हाळ्यात गल्लीतल्या बचत गटाने तिला काम दिलं. आठ बायका ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले जाडसर पापड करतात, आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या. त्यांना बिबडे विकायला वेबसाइट हवी होती, तीही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत. आखाजीला लेकी माहेरी येतात. परत जाताना त्या वेबसाइटचा पत्ता सुरतेपर्यंत नेतील, असा बायकांचा बेत. सुलक्षणाचं हे पहिलंच स्वतंत्र काम. ते फसलं तर गावात तिला दुसरं कोण देणार?

नेमका तेव्हा तिचा भाऊ समाधान चकचकीत नवा लॅपटॉप घेऊन नाशिकहून आला. त्यात सांगाल तसा कोड लिहून देणारा एआय मदतनीस होता. सुलक्षणाने त्या मदतनीसाला चार वाक्यांत सांगितलं आणि तासाभरात वेबसाइट तयार! मी गेलो फडताळात, पिठाच्या डब्यांशेजारी. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

आखाजीला तीन दिवस उरले तेव्हा बायका जमल्या. गटाच्या प्रमुख प्रमिलाबाईंनी घरच्या फोनवरून आपलं नाव, फोटो आणि बिबडे वेबसाइटवर चढवले. मग त्याच फोनवरून त्यांच्या सुनेने, हेमलताने, आपले चढवले. हेमलताचे दिसले आणि प्रमिलाबाई गायब!

“मना बिबडा कोठे गयात वं?”

“मी काहीच नही करं, आत्याबाई!” हेमलता घाबरली.

प्रमिलाबाई सुलक्षणाकडे वळल्या. “तुना मशीनले सासू-सून एकच दिखतस का?” बायका खो खो हसल्या, त्या मात्र हसल्या नाहीत. “राहू दे पोरी. आम्ही बजारमाच इकसूत.” बाजारातच विकणार, म्हणजे सुलक्षणाचं काम गेल्यातच जमा!

त्याच संध्याकाळी समाधान आपला लॅपटॉप घेऊन परतला. सुलक्षणाने मला खाली काढलं. माझ्यावर ती वेबसाइट रांगत रांगत उघडली, तेव्हा तिने आधी त्यातला नुसता दिखाऊ पसारा काढून टाकला. मग मदतनीसाने लिहिलेली एकेक ओळ वाचायला बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी चूक सापडली. एक फोन नंबर म्हणजे एक माणूस, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. शहरात चालत असेल. आमच्या गल्लीत एक फोन म्हणजे एक घर. सासू, सुना, नातवंडं सगळ्यांच्या हातात तोच फिरतो. सुलक्षणाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण तिने ते मदतनीसाला सांगितलं नव्हतं आणि त्याचं लिखाणही तपासलं नव्हतं.

तिने ती ओळ बदलली आणि मला काखोटीला मारून थेट प्रमिलाबाईंचं घर गाठलं. “अक्का, चूक मनी शे. मी वाचंच नही.”

“फोन घरना एक शे, पन हात ते ज्याना त्याना शेतस ना!” असं म्हणत त्यांनी पुन्हा नाव टाकलं, मग हेमलताने. दोघीही दिसल्या, शेजारी शेजारी! माझा पंखा आनंदाने नुसता भणाणला.

आखाजीला वेबसाइट लेकींच्या फोनवर भराभर उघडली. प्रमिलाबाईंची लेक ललिता सुरतेहून आली होती. झोक्यावर बसल्या बसल्या तिने आईचे बिबडे मैत्रिणींना दाखवले आणि पाच जणींनी तिथल्या तिथे मागवले. संध्याकाळी प्रमिलाबाई एकट्याच आमच्याकडे आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांचं घर, शेत, फोनसुद्धा नवऱ्याच्या, रुपचंद आबांच्या नावावर. पडद्यावरच्या एकेका अक्षराखाली बोट फिरवत त्यांनी हळूच विचारलं, “हाई मनंच नाव शे ना? आते ते जाणार नही ना?”

“नही, अक्का,” सुलक्षणा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, नवी साधनं जरूर आणा. मी काही त्यांचा वैरी नाही. आम्हा म्हाताऱ्यांवरची धूळही अधूनमधून पुसा. पण नव्या साधनाने लिहून दिलेलं स्वतः वाचल्याशिवाय जगापुढे ठेवू नका. तुमच्या घाईत एखाद्या प्रमिलाबाईंचं नाव पुसलं जाईल, आणि ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुठे लिहिलेलं असेल.