तीन चुकलेल्या तारखा

जिन्याचं शेवटचं वळण घेता घेताच तिने किल्ली हातात काढून ठेवली, आणि वर पाहते तो काय, दाराशी दोन बायका उभ्या! एक तरुण, एक चष्मेवाली. चष्मेवालीची नजर कुलपावर.

तिने किल्ली मुठीत लपवली. जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या कारखान्यातून धावत यायचं, अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलायची, चार घास भरवायचे, बाहेरून कुलूप लावायचं आणि पुन्हा इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं, असा सात महिन्यांचा नेम होता. शेजारीपाजारी कानाडोळा करत. पण आज ना उद्या कुणीतरी येऊन जाब विचारणार, हे ती धरूनच चालली होती.

"दवाखान्याच्या मदत विभागातून आलोय," चष्मेवाली म्हणाली. "आईंच्या तपासणीच्या तीन तारखा चुकल्या."

"यादीतून नाव कापलंत ना? मग आता काय राहिलंय?" तिचा आवाज चढला. "आईला नेऊ देणार नाही मी. सांगून ठेवते."

आतून खणखणीत आवाज आला, "कोण आहे गं? आत घे की त्यांना. कुलूप मला आहे, त्यांना नाही!"

तरुण बाईला हसू आवरेना. चष्मेवाली मात्र गंभीरच होती.

"नाव मीच कापलं. तीनदा आलं नाही म्हणजे गरज नाही, असा नियमच होता. गेल्या वर्षी माझा पाय मोडला. तीन तारखा चुकल्या आणि कापायच्या यादीत माझंच नाव आलं. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले." तिने एक कागद पुढे केला. "आता नियम उलटा केलाय. तीन तारखा चुकल्या, की आपणच दारी जायचं. ही आजपासून रोज येईल, तुम्ही कामाला जाताना ते परत येईपर्यंत. पहिले दोन दिवस मीही थांबेन."

"आणि अर्ज? दाखले?"

"काही नको. फक्त दार उघडा."

तिने कुलूप काढून मुठीत धरलं आणि दार उघडलं. तरुण बाईने हात धुतले, म्हातारीला अलगद कुशीवर वळवलं आणि पडून पडून पाठीवर झालेल्या जखमेला मलम लावून ती घास भरवायला बसली.

"हात हलका आहे हिचा," म्हातारी म्हणाली. "तुझ्यासारखी धसमुसळी नाही."

ते ऐकून मात्र तिचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ती निघाली. अर्धा जिना उतरून सवयीने कुलूप ओढून बघायला परत वर आली. दार सताड उघडं होतं आणि आत म्हातारी लेकीच्याच लहानपणच्या खोड्या रंगवून सांगत होती. ती तशीच मागे फिरली.

कारखान्यात पोचली तेव्हा भोंगा व्हायला अजून नऊ मिनिटं होती. मुठीतलं कुलूप तिने टेबलावर ठेवलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच खाली बसून आपला डबा उघडला.